चिंचेने घासलेलं फुलपाखरू

दादा, तुझ्या पिंडाला कावळा शिवला तो बोंबलासाठी. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

दहाव्याला चिखल्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, तुझ्या नीलेशने डोकं भादरून घेतलं, पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. आपल्या किनाऱ्यावरचे कावळे तुला माहीत आहेत. बांबूच्या वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील चोरून त्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. भाताच्या गोळ्याकडे ते कशाला ढुंकून बघतील? पण आपल्या लोकांना हे दर दहाव्याला नव्याने कळतं. पाऊण तास गेला, ऊन चढलं, तशी वचनं सुरू झाली. नीलेश आईला नीट बघेल. कावळा नाही. मागची पडवी पाडून पक्की खोली बांधू. कावळा नाही. मग आपला चुलतभाऊ सदा हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "दामू, तुजी नाणी कोण इकणार नाय. तू सुखात जा." आदल्याच दिवशी ओट्यावर बसून हाच सदा नीलेशला वापीच्या नाणेवाल्याचा फोन नंबर देत होता. मला ते जोडलेले हात बघवेनात.

मग मीच पुढे झाले. मला खात्री होती की कावळा माझ्यासाठी अडलाय. अकरा वर्षं एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती, आणि ती आता नाही सांगितली तर कधीच नाही. मी वाकले, पिंडाजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "दादा, ते फुलपाखराचं नाणं..."

एवढंच. तेवढ्यात पारूआत्याने मला कोपराने बाजूला सारलं. नव्वदीला आली, पण कोपर अजून तस्संच आहे. जवळच्या वलांडीवरून तिने एक सुका बोंबील ओढून आणला होता. "सर गो बाजूला. भाताला कावला येतंय काय?" असं म्हणून तिने तो बोंबील मधल्या पिंडात उभा खोचला. दोन मिनिटांत कावळा आला, बोंबील उपसला, भात चारी बाजूंना उडवला आणि गेला. "शिवला, शिवला," म्हणत सगळ्यांनी चपला घातल्या आणि चहाला गेले. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

पंधरा वर्षांपूर्वी तू मासळी सोडलीस, दाराला दोन्ही वेळ फिनेल मारायला लागलास, आईची मासळीची पाटी कुंपणाबाहेर ठेवायला लावलीस. आणि तुझी सुटका केली एका बोंबलाने. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सगळ्याची किळस आली, त्या कावळ्याची, त्या उडालेल्या भाताची, घाईघाईने चपला घालणाऱ्यांची. त्यांच्यात मीही होते. मीही चहा प्यायले.

तू कसा गेलास, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले, हे मी लिहिणार नाही. येणाऱ्या प्रत्येकाला वहिनीने ते इतक्यांदा सांगितलंय की आता तिचा आवाजही त्यात उरलेला नाही. नीलेशने तुझा फोटो मोबाइलवर लावला, त्याच्या भोवती उडणारी फुलपाखरं टाकली आणि खाली लिहिलं की बाबांना फुलपाखरं फार आवडायची. शी. तुला एकच फुलपाखरू आवडायचं, आणि ते उडत नव्हतं.

तू वाईट होतास असं म्हणता आलं असतं तर हे लिहिणं सोपं झालं असतं. सातवीनंतर बा मला घरी बसवणार होता, आईबरोबर बाजारात पाठवणार होता, तेव्हा तू त्याच्याशी तीन दिवस भांडलास आणि चौथ्या दिवशी मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत घेऊन गेलास. चढावर उतरून सायकल ढकलत होतास आणि मला म्हणत होतास, "तू उतरू नको, तुझे नवे बूट खराब होतील." पुढे पोस्टात लागलास. लोकांनी टाकून दिलेल्या पाकिटांवरची तिकिटं आईच्या ताटलीत भिजत घालायचास, अलगद सोडवायचास आणि वहीत चिकटवताना मला प्रत्येक देश दाखवायचास. माझा भूगोल तुझ्या तिकिटांवर झाला. झरीच्या शाळेत पोरांना नकाशा शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण अजूनही नकाशावर बोट ठेवलं की मला आधी ओलं तिकीट दिसतं. हे तुला मी कधी म्हणाले नाही. आपल्यात असलं कोण बोलतं.

तिकिटांवरून तू नाण्यांवर गेलास आणि तिथे काहीतरी बिघडलं. तिकीट तू हाताने सोडवायचास. नाण्याला मात्र हात लावायचा नाही असं तू शिकून आलास. पांढरे सुती हातमोजे आणलेस. प्रत्येक नाण्याला डबी, डबीखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर तुझं ते टाचणीच्या टोकासारखं अक्षर: देश, धातू, वजन, अवस्था. 'अवस्था'पुढे तुला सगळ्यात जास्त काय लिहायला आवडायचं ते मला पाठ आहे. 'नवे, न हाताळलेले.'

फुलपाखराचं नाणं आलं तो दिवस माझ्यासमोर आहे. निळ्या मखमलीचं खोकं, त्यात कागद, कागदावर शिक्का. चांदीचं, आपल्या रुपयाच्या दुपटीचं, इतकं चकचकीत की त्यात तुझं नाक दिसत होतं. एका बाजूला कुठल्याशा बेटावरच्या देशाची राणी, मुकुट घालून बाजूला बघणारी. दुसऱ्या बाजूला फुलपाखरू, आणि ते रंगीत. निळे पंख, काळी किनार, टोकांना नारिंगी ठिपके. तुझे डोळे भरून आले होते. मला मात्र ते मिठाईच्या खोक्यावरच्या चित्रासारखं वाटलं. चांदीला चांदी राहू द्यायचं नाही आणि फुलपाखराला फुलपाखरू राहू द्यायचं नाही, असं काहीतरी त्या कारखान्यात ठरवलेलं दिसत होतं. मी तसं म्हणालेही. तू म्हणालास, "तुला कळायचं नाही."

तेवढ्यात आई डहाणूच्या बाजारातून आली. पाटी कुंपणाबाहेर ठेवून, पाय धुऊन, पदराला हात पुसत ओट्यावर चढली. "काय आनलंस रे? बगू." तिने हात पुढे केला आणि तू खोकं छातीशी घेतलंस.

"आई, हात लावू नको. हाताचं तेल लागतं त्याला. आणि तुझ्या हाताला तर..."

तू वाक्य पुरं केलं नाहीस. ते करायची गरजच नव्हती. आईने दोन्ही हात पाठीमागे धरले, शाळेत साहेब तपासणीला आल्यावर माझी पोरं धरतात तसे, आणि वाकून बघितलं. "बरा हाय रे. जित्ता वाटतंय," म्हणाली. त्या दिवसापासून तिने त्या नाण्याला बोट लावलं नाही. कपाट पुसतानासुद्धा ते खोकं तेवढं वगळून पुसायची. मी बघितलंय.

ते मागे धरलेले हात मी कधी विसरले नाही. तुझं पोस्टातलं पहिलं वर्ष तू डहाणूला खोली घेऊन राहिलास, तेव्हा तुझा डबा त्याच हातांनी भरला जायचा. तेव्हा वास आला नव्हता.

मी तुला चिडवायचे तेही आठवत असेल. दिवाळीच्या सुमाराला आमच्या शाळेच्या हातपंपाभोवती फुलपाखरांचा थवा बसतो. पोरं तिथेच आडोशाला मुतायला जातात, ती ओली माती त्यांना आवडते. शेणावर बसतात, कुजक्या फणसावर बसतात. तुला हे सांगितलं की तू कानांवर हात ठेवायचास. मी म्हणायचे, "तुझ्या त्या शिक्क्याच्या कागदावर लिहिलंय का, हे काय खातं ते?" आणि एकदा तर अंगणात आईने जवळ्याची सुकट वाळत घातली होती, त्यावर दोन निळी फुलपाखरं येऊन बसली. सोंड घालून आरामात चोखत होती. आईने तुला हाक मारली, "दामू, ये रे, तुजी पाखरं आली माज्या जवल्यावर." तू खिडकीपर्यंत आलास, बघितलंस आणि खिडकी लावून घेतलीस. नंतर म्हणालास की ती जात वेगळी. तो वाद आपला कधी मिटलाच नाही. आता मीच जिंकले असं म्हणायचं, तर समोर कोणी नाही.

आता ते सांगते.

आईचे दोन राणीछाप रुपये होते, तिच्या सासूने दिलेले. दर धनत्रयोदशीला ते चिंचेच्या कोळाने आणि चुलीच्या राखेने लख्ख घासायचे, दुधाने धुवायचे, तांदळावर ठेवून हळदकुंकू वाहायचं. आपल्या आळीत प्रत्येक घरात हेच. आई तुला दरवर्षी विचारायची, "तुजी बी चांदी ठेव की पाटावर. लक्षुमी ती लक्षुमी." तू नुसता हसायचास. त्या वर्षी शाळेला सुट्टी लागली म्हणून मी तलासरीहून आले होते. वहिनी तिच्या माहेरी बोर्डीला होती. तू पोस्टात. आई बाजारात जाताना मला म्हणाली, "कुसुम, रुपये घासून ठेव. मी आले की पूजा करू."

कपाटात रुपयांची डबी होती आणि तिच्या शेजारी तुझं निळं खोकं.

चांदीचं नाणं, वर राणीचं डोकं. म्हणजे राणीछापच. मग ते पाटावर जायलाच हवं, आणि पाटावर जायचं तर चिंचेने घासायला हवं. आपल्या घरातल्या बाईला याहून वेगळं काही सुचणार नाही. अकरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की माझी चूक झाली. अर्धं खरंही आहे. मी डबी उघडली, राणीची बाजू घासली, तिचा आरसा गेला आणि साधी चांदी वर आली. तिथे मी थांबू शकले असते. मी नाणं उलटलं. अंगठ्याने चिंच चोळली आणि किनारीवरचा काळा रंग नेलपॉलिश सुटतो तसा सुटला. तेव्हा मला पक्कं कळलं की हा रंग जाणार आहे. आणि मी घासत राहिले. निळा गेला, नारिंगी ठिपके गेले, राख निळसर झाली आणि मोरीतून वाहून गेली. दादा, मला बरं वाटत होतं. ते मागे धरलेले हात माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला फार बरं वाटत होतं.

शेवटी हातात राहिला तो रेघारेघांचा पांढरा पंख. मग ओकारी आली. मोरीतच बसले थोडा वेळ.

चार वाजता आई आली. पाटावर दोन रुपयांच्या मध्ये ते बघितलं आणि मटकन खाली बसली. हात लावला नाही. तेव्हाही नाही. "काय केलंस गो हे," एवढंच म्हणाली. तिने मला ओरडायच्या आत तुझी सायकल वाजली.

तू दारात उभा राहिलास, पाटाकडे बघितलंस, आणि तुझा चेहरा असा झाला की मी तोंड उघडूच शकले नाही. "कोणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "मना वाटलं, रुपया हाय."

माझ्या दहाही नखांत निळा रंग होता. मी मुठी मिटल्या. मिटायची गरज नव्हती, तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. तू बाजारातून आलेल्या तिच्या हातांकडे बघत होतास. तोंडातून एकच शब्द काढलास, "शी." मग अगदी शांतपणे म्हणालास, "आजपासून तुझ्या हातचं मला काही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मी आईला म्हणाले की मी सांगते त्याला. तिने बादली खाली ठेवली. "माज्यावर चिडला तर जाऊन जाऊन पोर जातंय कुटं? तुज्यावर चिडला तर तू कोनच्या दारात येशील भाऊबीजेला? मी मेल्यावर तुला तेच एक दार हाय." आणि माझा हात तिने आपल्या डोक्यावर ठेवला. "माजी आन हाय तुला."

त्यानंतर तीन दिवसांनी भाऊबीज होती. मी तुला ओवाळलं. तू साडी दिलीस आणि माझ्या हातची करंजी खाल्लीस. नखं मी आदल्या दिवशी पार मुळापर्यंत कापली होती. तू म्हणालास, "कुसुमच्या हाताला चव आहे." मागच्या पडवीत आई एकटी जेवत होती.

सात वर्षं, दादा. सात भाऊबीजा. आईने आपली चूल पडवीत मांडली. तू एकदाही आवाज चढवला नाहीस, तिचं औषध वेळेवर आणलंस, तिला डॉक्टरकडे नेलंस, आणि तिच्या हातचा पाण्याचा पेलाही घेतला नाहीस. गावात सगळे म्हणायचे, दामू आईची किती सेवा करतो. ते ऐकलं की मला तुझी शिसारी यायची. आणि मग माझी. तुझी तरी रागाची होती. माझी रोज सकाळी आरशात उभी असायची.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. आईने एक नवं पातेलं आणलं होतं, छोटंसं, झाकणाचं. त्याला कधी मासळी शिवू दिली नाही. दर दुपारी त्यात तुझ्यापुरती भाजी करायची, कधी वालाची, कधी दुधीची, आणि फळीवर झाकून ठेवायची. मी विचारलं तर म्हणायची, "आज मागंल." संध्याकाळी ती स्वतः खायची. एकदा मी म्हणाले, "मी नेऊन देते, माझ्या हातची म्हणून." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा ते बोलले नाही.

चार वर्षांपूर्वी ती गेली. तिच्याबरोबर तिची आणही संपली. मग चार वर्षं माझ्या तोंडाला कोणी कुलूप लावलं होतं? दर भाऊबीजेला मी ठरवून यायचे. तलासरीहून येताना रिक्षात वाक्य जुळवायचे. तू दारात उभा असायचास, थोडा वाकलेला, आणि म्हणायचास, "आलीस? मला वाटलं, विसरलीस." की वाक्य विरून जायचं. ते एक दार मला हवं होतं. आईने मला भीती घातली ती मी इतकी नीट सांभाळली की आई गेली तरी ती गेली नाही.

काल नीलेशने वापीच्या माणसाला बोलावलं. तेराव्याचा मांडवसुद्धा उतरवला नव्हता. त्या माणसाने डोळ्याला भिंग लावून एकेक डबी बघितली, तोंडात सुपारी चघळत, तुझ्या जमिनीवर पुडीचे कागद टाकत. तुझी नाणी तो उघड्या हाताने उचलत होता. मला वाटलं, तू आता उठशील आणि हातमोजे आणशील. सदा शेजारी बसून वेफर्स खात होता. किनाऱ्यावरचं वचन त्याला आठवत नसावं.

मग ती डबी निघाली. त्या माणसाने भिंगातून बघितलं, उलटून बघितलं आणि मान हलवली. "कलर गयो, बेन. हवे तो खाली चांदी." रंग गेला, आता नुसती चांदी. मग जरा आश्चर्याने, नीलेशकडे बघून, "आ कोणे घस्युं?"

कोणी घासलं. अकरा वर्षांत तुझ्यानंतर पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. तू नव्हतास. आई नव्हती. कुठलंच दार बंद व्हायचं नव्हतं. मी तिथेच बसले होते, चहाचा कप हातात घेऊन.

"आजीने," नीलेश म्हणाला. "अडाणी होती बिचारी. तिला काय कळतंय."

आणि मी गप्प बसले. दादा, मी परत गप्प बसले.

त्या माणसाने डबी सरकवून दिली तेव्हा तिच्या तळाची चिठ्ठी निसटून माझ्या मांडीवर पडली. तुझं अक्षर. देश, धातू, वजन. अवस्था: 'नवे, न हाताळलेले', त्यावर आडवी रेघ. आणि खाली दुसऱ्या शाईत: 'आईच्या हातचे.'

मी वहिनीकडे बघितलं. ती पदराने डोळे टिपत होती. "आई गेल्यापासून रोज सकाळी काढायचे, वन्सं. हातमोजे घालायचे नाहीत. असा अंगठा टेकवून बसायचे त्याच्यावर. मग बराच वेळ हात धुवायचे नाहीत. मी विचारलं नाही कधी."

मला खरं सांगायला हवं. माझ्या मनात पहिल्यांदा दया आली नाही, तुझी किळसच आली. आई जिवंत असताना तिचा हात तुला नको होता. तो थंड चांदी झाल्यावर, वास गेल्यावर, डबीत बसल्यावर तुला चालला. त्यावर तू अंगठा टेकवलास आणि तुझ्या मते तिला भेटलास. कदाचित माफीही मागितली असशील. चार वर्षं रोज सकाळी, देवाआधी.

आणि त्याच वेळी मला कळलं की मी गप्प बसून काय केलंय. आधी माझा गुन्हा तिच्या माथी राहू दिला. मग तू आईचा हात समजून ज्यावर अंगठा टेकवलास, तो हातही माझाच होता. तुला निदान खरी जागा तरी दाखवता आली असती, जिथे अंगठा टेकवायचा.

ते नाणं मी नीलेशकडून मागून घेतलं. त्याने दिलं, नुसती चांदी ना, असं म्हणून. आज सकाळी झरीला शाळेत निघाले तेव्हा ते माझ्या पिशवीत होतं. हातपंपाजवळ उभी राहिले. फुलपाखरं चिखलावर बसली होती, पंख मिटून, घाणीत सोंड घालून, आणि खरंच फार सुंदर होती. तुला दाखवायला हवी होती. मग वर्गात जाऊन पोरांना चित्र काढायला लावलं आणि मी हे लिहायला बसले. दहाव्याला मध्येच तुटलेलं वाक्य पुरं करते, मग तुला ते दार मला बंद करायचं तर कर.

दादा, ते फुलपाखराचं नाणं आईच्या हातचं नाही. आईने त्याला आयुष्यात कधी बोट लावलं नाही, कारण तू सांगितलं होतंस. ते माझ्या हातचं आहे. आईच्या हातचं मागच्या पडवीत होतं, फळीवर, नव्या पातेल्यात झाकून ठेवलेलं, सात वर्षं, रोज दुपारी.